‘डुप्लिकेट’ म्हणजे नेमकी कोणती बॅटरी?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. गेली पाच वर्षे माझ्याकडे एक मिररलेस कॅमेरा आहे. पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी तो महिन्यातून दोन-तीनदा बाहेर निघतो, एरवी कपाटात असतो. कॅमेऱ्याबरोबर आलेली एकच बॅटरी आजवर पुरली. पण आता रात्री पूर्ण चार्ज करून पहाटे निघालो तरी दहा-साडेदहापर्यंत लाल खूण दिसू लागते. दोन महिन्यांनी पुतणीचे लग्न आहे, छायाचित्रांची जबाबदारी माझ्याकडे आली आहे आणि त्यासाठी विमानाने जायचे आहे. मूळ कंपनीच्या एका बॅटरीच्या किमतीत इतर कंपन्यांच्या तीन येतात, शिवाय त्यांच्यावर क्षमताही जास्त छापलेली असते. माझे जावई म्हणतात की डुप्लिकेट बॅटरी घालणे म्हणजे कॅमेऱ्याचे वाटोळे करून घेणे. माझ्याबरोबर पक्षी पाहायला येणारे स्नेही मात्र दहा वर्षे डुप्लिकेटच वापरत आहेत आणि त्यांचे काहीही बिघडलेले नाही. त्यातच एके ठिकाणी ‘ओरिजिनल’ बॅटरी निम्म्या किमतीत दिसली आहे. मी काय करावे? (एक वाचक)

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात ‘डुप्लिकेट’ हा शब्द दोनदा आला आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे जावई व स्नेही तो शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरत आहेत. आपल्या बोलण्यात कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीची नसलेली प्रत्येक बॅटरी सरसकट डुप्लिकेट ठरते. प्रत्यक्षात बाजारात तीन प्रकारचा माल असतो. पहिला मूळ कंपनीचा. दुसरा, एखाद्या वेगळ्या कंपनीने स्वतःचे नाव उघडपणे छापून, ‘अमुक मॉडेलच्या जागी चालेल’ असे सांगून विकलेला. हॅनेल, पॅटोना, नाइटकोर, स्मॉलरिग ही अशी नावे आहेत. तिसरा म्हणजे मूळ कंपनीचे नाव, बोधचिन्ह आणि खोकेसुद्धा हुबेहूब नकलून केलेला बनावट माल. दुसऱ्या प्रकारचा उत्पादक माल खराब निघाला तर शिव्या खायला जागेवर असतो. तिसऱ्याचा उत्पादक कोण हे कुणालाच ठाऊक नसते आणि त्याच्या मालाची बदनामी दुसऱ्याच्याच नावावर जमा होत असल्यामुळे दर्जा राखण्यात त्याचा काडीचाही फायदा नसतो. त्यामुळे निम्म्या किमतीतली ती ‘ओरिजिनल’ बॅटरी पहिल्याच फटक्यात यादीतून काढून टाका. मूळ कंपन्या आपल्या बॅटऱ्यांवर क्वचितच मोठी सूट देतात. ओळखीच्या नावाची, बंद खोक्यातली, ताजी बॅटरी अर्ध्या किमतीत येत असेल तर ती बनावट असण्याची शक्यता इतकी मोठी आहे की तपासत बसण्यातही अर्थ नाही. तिन्ही प्रकारांत सर्वांत वाईट खरेदी हीच, कारण इथे तुम्ही साध्या पर्यायी बॅटरीपेक्षा जास्त पैसे मोजून तिच्याहून हलकी वस्तू घेता.

आता उरलेल्या दोन प्रकारांकडे वळू. पण त्याआधी बॅटरीच्या आत काय असते ते पाहिले पाहिजे, कारण किमतीतला फरक तिथेच दडलेला आहे.

मिररलेस आणि डीएसएलआर, म्हणजे आत आरसा नसलेल्या आणि असलेल्या, कॅमेऱ्यांच्या बहुतेक बॅटऱ्यांत लिथियम-आयनचे दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा नाममात्र दाब सुमारे ३.६ व्होल्ट, म्हणून पूर्ण बॅटरीवर ७.२ किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसतो. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. या सेलांच्या डोक्यावर नखाएवढी एक सर्किटपट्टी असते. मर्यादेपलीकडे चार्ज होऊ लागले, फारच रिकामे होऊ लागले किंवा टोके एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले तर प्रवाह तोडणे हे तिचे काम. तिच्याजवळ थर्मिस्टर नावाचा, तापमानाप्रमाणे रोध बदलणारा एक छोटा घटक बसवलेला असतो, आणि त्याच्याकडे पाहून चार्जर ठरवतो की बॅटरी चार्ज करण्याइतपत थंड आहे की नाही. तापमान शून्य अंशाच्या खाली असतानाही लिथियम-आयन सेल चार्ज करायचा नसतो, कारण अशा वेळी लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचू लागतो. तेव्हा हा घटक दोन्ही बाजूंनी राखण करतो. शेवटी एक चिप, जी कॅमेऱ्याशी बोलते.

स्वस्तात माल काढणाऱ्याला काटकसर करायला याच जागा सापडतात. तो कमी प्रतीचे सेल घेतो, किंवा एकाच जोडीत किंचित वेगवेगळ्या क्षमतेचे दोन सेल बसवतो. मग त्यातला दुबळा सेल आधी थकतो आणि बलवान सेल त्याला ओढत नेतो. काही अगदी हलक्या प्रतीच्या बॅटऱ्यांत थर्मिस्टरच्या ठिकाणी एक साधा स्थिर रोधक लावलेला आढळतो. तो चार्जरला सतत एकच गोष्ट सांगत राहतो की तापमान अगदी छान आहे, मग बॅटरी चटके देण्याइतकी तापलेली असली तरी! बाहेरून पाहून यातले काहीच कळत नाही, आणि पहिले सहा महिने बहुधा वापरूनही कळत नाही.

मात्र बाहेरून पाहून कळण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे छापलेली क्षमता. जास्त आकड्याचा तुम्ही उल्लेख केला आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. निकॉनची ईएन-ईएल१५ ही बॅटरी २०१० साली डी७००० या कॅमेऱ्याबरोबर आली तेव्हा तिची क्षमता १९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे अँपिअर-तासाचा हजारावा भाग) होती. त्याच आकाराची, त्याच कप्प्यात बसणारी ईएन-ईएल१५सी ही २०२० मधली आवृत्ती २२८० एमएएचची आहे. कॅननची एलपी-ई६ १८०० एमएएचपासून निघाली आणि तिची २०२० मधली एनएच ही आवृत्ती २१३० वर पोचली. म्हणजे पैसा आणि प्रयोगशाळा या दोन्हींची ददात नसलेल्या कंपन्यांना त्याच डबीत क्षमता वीस टक्क्यांनी वाढवायला दहा-बारा वर्षे लागली. अशा वेळी कुणी अनोळखी उत्पादक त्याच डबीवर ३००० किंवा त्याहून मोठा आकडा छापत असेल तर त्याने विज्ञानात क्रांती केलेली नाही, छपाईत केलेली आहे. मूळ बॅटरीइतका किंवा तिच्याहून थोडा कमी आकडा छापणारा पर्यायी उत्पादक मला तरी अधिक विश्वासार्ह वाटतो.

लेबलवर आणखी एक आकडा असतो, वॉट-तासांचा. बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते ते तो सांगतो. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. उदाहरणार्थ सोनीची एनपी-एफझेड१०० ही बॅटरी ७.२ व्होल्ट आणि २२८० एमएएचची आहे, ७.२ गुणिले २.२८ म्हणजे १६.४, आणि तिच्यावर तोच आकडा छापलेला असतो. कधीकधी किमान आणि सरासरी क्षमतेच्या हिशेबामुळे थोडाफार फरक पडतो, पण गुणाकार वीस येतो आणि लेबलवर चौदा लिहिले आहे असे दिसले, तर लेबल लिहिणाऱ्यालाच आपला माल माहीत नाही असे समजावे. याच्या जोडीला स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. सोनीची ही बॅटरी ८० ग्रॅमच्या थोडी वर भरते. लिथियम-आयन बॅटरीत ऊर्जा वस्तुमानातच साठवलेली असते, त्यामुळे जास्त क्षमतेचा दावा करणारी पर्यायी बॅटरी मूळ बॅटरीपेक्षा दहा-पंधरा ग्रॅमांनी हलकी भरली तर दावा तिथेच निकालात निघाला. ही कसोटी एकतर्फी आहे हे मात्र ध्यानात ठेवा : हलकी बॅटरी निश्चित कमअस्सल, पण जड बॅटरी चांगलीच असेल असे नाही.

चिपचा प्रश्न निराळा आहे. तिथे बॅटरीची ताकद महत्त्वाची नसते, कॅमेऱ्याशी तिचे जमते की नाही हे महत्त्वाचे असते. मूळ बॅटरी कॅमेऱ्याला स्वतःची ओळख, शिल्लक ऊर्जा आणि कित्येकदा प्रकृतीसुद्धा सांगते. पर्यायी बॅटरीच्या उत्पादकाला ही भाषा बाहेरून ऐकून शिकावी लागते, आणि उच्चार थोडा चुकतोच. सर्वांत सामान्य लक्षण म्हणजे टक्केवारीची उडी. पडद्यावर बराच वेळ ४० टक्के दिसत राहतात, आपण निर्धास्त असतो, आणि पुढच्या पाच मिनिटांत आकडा १२ वर येऊन कॅमेरा बंद पडतो. ऊर्जा खोटी नसते, तिचा हिशेब चुकीचा सांगितला जातो. झाडावरचा धनेश उडून गेला तर आपण हळहळतो आणि पुन्हा कधीतरी तो दिसेल अशी आशा बाळगतो. लग्नातला क्षण दुसऱ्यांदा येत नाही.

कॅननच्या काही कॅमेऱ्यांत संभाषण नीट झाले नाही तर या बॅटरीवर कॅननचे चिन्ह आहे का, असा प्रश्नच पडद्यावर उमटतो, आणि होकार दिल्यावर काम पुढे सरकते. हा झाला सौम्य प्रकार. कडक प्रकारही घडलेला आहे : पॅनासॉनिकने २००९ साली आपल्या काही ल्युमिक्स कॅमेऱ्यांसाठी जे फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतले, बदलता येणारे सॉफ्टवेअर) काढले त्याने इतर कंपन्यांच्या बॅटऱ्या चालणेच बंद झाले, आणि त्यासाठी कंपनीने सुरक्षिततेचे कारण दिले होते. त्यामुळे पर्यायी बॅटरी वापरणाऱ्याने एक पथ्य पाळावे. महत्त्वाच्या कामाच्या तोंडावर कॅमेऱ्याचे फर्मवेअर बदलू नये. त्याखेरीज काही वैशिष्ट्ये विशिष्ट बॅटरीलाच बांधलेली असतात. कॅननच्या ईओएस आर५ मध्ये यांत्रिक शटरवर सेकंदाला १२ चित्रांचा पूर्ण वेग मिळण्यासाठी एलपी-ई६एनएच बॅटरीची आणि तिच्यात पुरेशा चार्जची अट आहे. निकॉनमध्ये कॅमेऱ्यातच यूएसबीवरून चार्ज करण्याची सोय ईएन-ईएल१५ च्या नंतरच्या आवृत्त्यांना आहे, जुन्यांना नाही. तुम्ही मॉडेल कळवलेले नाही, म्हणून तुमच्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतले बॅटरीचे पान एकदा उघडून अशी अट आहे का ते पाहा. पक्ष्यांसाठी सलग चित्रांचा वेग तुम्हाला निश्चितच लागत असणार.

जावयांना वाटणारी भीती अगदीच निराधार नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक बिननावाची बॅटरी घेतली होती. दीड वर्ष ती बरी चालली. मग एका सहलीहून परतल्यावर कप्प्याचे झाकण उघडले तर नेहमी खटका दाबताच स्प्रिंगने वर येणारी बॅटरी जागची हलेना. ती फुगली होती. सेलच्या आत वायू तयार होऊन पोट मध्यभागी जेमतेम एक मिलिमीटर वर आले होते, पण कॅमेऱ्याचा कप्पा इतका नेमक्या मापाचा असतो की तेवढ्यानेच तिने कप्पा घट्ट धरला. चिमट्याने ओढण्याचा मोह मोठा होता. पण टोकदार वस्तूने फुगलेल्या सेलला छिद्र पाडणे म्हणजे आग पेटवण्याचा खात्रीचा मार्ग. शेवटी बॅटरीच्या दिसणाऱ्या तळाला रुंद चिकटपट्टी दाबून चिकटवली, तिचे शेपूट करून दोन्ही हातांनी सरळ वर हळूहळू ओढले आणि पंधरा-वीस मिनिटांनी ती निघाली. कप्प्याच्या आतल्या प्लॅस्टिकवर ओरखडा राहिला तो अजून आहे. कॅमेरा वाचला, पण त्या दिवसापासून कोणतीही बॅटरी घालण्यापूर्वी तिच्या सपाट बाजूवरून अंगठा फिरवण्याची मला सवय लागली. टेबलावर ठेवून टिचकी मारली आणि ती गरगर फिरली, तर पोट सुटले आहे असे समजावे. तिला कॅमेऱ्यात जागा नाही.

मूळ कंपनीची बॅटरी कधीच बिघडत नाही असाही याचा अर्थ नाही. मघाशी उल्लेखिलेल्या ईएन-ईएल१५ चेच काही लॉट तापत असल्याचे निदर्शनास आल्यावर निकॉनने २०१२ साली ते परत मागवले होते. या घटनेकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. एक, मोठ्या नावाच्या मालातही दोष निघतो. दोन, तो निघाल्यावर कोणता लॉट सदोष आहे हे क्रमांकावरून सांगता आले, ग्राहकांना कळवता आले आणि बॅटऱ्या बदलून देता आल्या. मूळ बॅटरीच्या चढ्या किमतीत निव्वळ नफ्याचा वाटा मोठा असतो, याबद्दल मला शंका नाही. पण उरलेल्या वाट्यात हा माग काढण्याचा खर्च आणि आयईसी ६२१३३ सारख्या सुरक्षा-मानकांच्या चाचण्यांचा खर्च असतो. पर्यायी उत्पादक निवडताना म्हणूनच एवढेच पाहायचे : त्याच्या बॅटरीवर लॉट किंवा अनुक्रमांक आहे का, हमीची मुदत लिहिली आहे का, आणि तक्रार करायची वेळ आली तर तो सापडेल का. ज्या बॅटरीवर ‘फॉर’ या अक्षरांनंतर मोठ्या कंपनीचे नाव ठळक आणि खऱ्या उत्पादकाचे नाव कुठेच नाही, ती तिसऱ्या प्रकाराची चुलत बहीण समजा.

आता तुमच्या जुन्या बॅटरीबद्दल, कारण तिच्यावरून किती बॅटऱ्या घ्यायच्या हे ठरते. महिन्याला दोन-तीन वेळा म्हणजे वर्षाला साधारण तीस, पाच वर्षांत दीडशे वेळा तुम्ही ती चार्ज केली असेल. चांगल्या लिथियम-आयन बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर यायला साधारणपणे तीनशे ते पाचशे आवर्तने, म्हणजे पूर्ण भरून रिकामी होण्याच्या फेऱ्या, लागतात. म्हणजे ती वापराने थकलेली नाही. कपाटात म्हातारी झालेली आहे. पूर्ण चार्ज करून, तेही उबदार जागी, महिनोन्‌महिने ठेवलेली बॅटरी न वापरताही झिजते. सहलीहून आल्याबरोबर चार्ज करून ठेवण्याची शिस्त तुम्हाला असेल, आणि पत्रावरून तुम्ही शिस्तीचे वाटता, तर त्या शिस्तीनेच तिचे आयुष्य कमी केले. अर्धी भरलेली बॅटरी थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी भरावी, हे बरे. तिच्या प्रकृतीचा निवाडा कॅमेऱ्यालाच विचारून पाहा : कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत चार्ज धरण्याची क्षमता तीन पट्ट्यांनी दाखवली जाते, निकॉनमध्ये बॅटरीचे वय ० ते ४ या मापात दिसते आणि ४ म्हणजे बदलण्याची वेळ. तुमच्या कॅमेऱ्यात अशी सोय नसली तरी तुम्ही सांगितलेले लक्षण पुरेसे आहे.

या हिशेबाचा खरेदीशी थेट संबंध आहे. तुमच्यासारख्या छंदी माणसाच्या बाबतीत बॅटरी आवर्तने संपून मरत नाही, वय होऊन मरते. एका मूळ बॅटरीच्या किमतीत तीन येतात म्हणून तीन घेतल्या तर त्या तिन्ही एकदमच म्हाताऱ्या होतील, आणि त्यातल्या दोघींनी आयुष्यभर कपाट सोडून फारसे काही पाहिलेले नसेल. साठा करण्यात शहाणपण नाही. रोज दिवसभर काम करणाऱ्या व्यावसायिकाचे गणित याच्या उलट असते. त्याची आवर्तने आधी संपतात, आणि तिथे मूळ बॅटरीचे चांगले सेल आपली किंमत वसूल करून देतात. जुन्या, बंद झालेल्या मॉडेलच्या मालकाचे गणित आणखी वेगळे. त्याच्यासाठी मिळणारी ‘मूळ’ बॅटरी सात-आठ वर्षे गोदामात पडून आलेली असू शकते, आणि तिच्यापेक्षा गेल्या वर्षी बनवलेली एखादी नामांकित पर्यायी बॅटरी सरस ठरू शकते. तुमचे मॉडेल पाचच वर्षांचे असल्याने ही अडचण येऊ नये.

तेव्हा माझा सल्ला असा. एक बॅटरी मूळ कंपनीची घ्या, आणि ती कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. लग्नातले महत्त्वाचे क्षण तिच्यावर काढा. तिच्या जोडीला एक, फार तर दोन, नाव-गाव असलेल्या कंपनीच्या पर्यायी बॅटऱ्या घ्या, आणि त्या पाठराखण म्हणून ठेवा. पक्ष्यांच्या सहलींना मात्र खुशाल पर्यायी बॅटरी पुढे करा. तिथे टक्केवारीची उडी फार तर एक पक्षी हुकवेल. जुनी बॅटरी फुगलेली नसेल तर तीही पिशवीत असू द्या, गप्पांच्या आणि जेवणाच्या वेळी उपयोगी पडेल.

खरेदी आत्ताच करा, दोन महिने थांबू नका, कारण नवी पर्यायी बॅटरी परत करण्याची मुदत संपायच्या आत तिची परीक्षा झाली पाहिजे. परीक्षा सोपी आहे. प्रत्येक बॅटरीवर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक आणि खरेदीचा महिना लिहा. सर्व पूर्ण चार्ज करा आणि चार्ज होताना हात लावून पाहा. कोमट लागणे ठीक, हात काढून घ्यावासा वाटणे ठीक नाही. मग कॅमेरा तिपाईवर ठेवून, पडद्याची चमक आणि इतर सर्व मांडणी तीच राखून, बॅटरी संपेपर्यंत व्हिडिओ चालू ठेवा आणि वेळ टिपा. कॅमेरा मध्येच तापून किंवा वेळेच्या मर्यादेमुळे थांबला तर लगेच पुन्हा सुरू करा. पर्यायी बॅटरीने मूळ बॅटरीच्या पंचाऐंशी टक्के वेळ दिला तर मी तिला उत्तीर्ण करीन. साठ टक्क्यांवर राहिली तर परत पाठवीन. टक्केवारीचा आकडा कुठे अडतो आणि कुठून घसरतो तेही याच वेळी लिहून ठेवा. एखादी बॅटरी ३० वर आली की बदलायची, हे ज्याला आधीच ठाऊक असते त्याला ती उडी फसवू शकत नाही. शेवटी पूर्ण चार्ज करून आठ दिवस बाहेर काढून ठेवा आणि पुन्हा कॅमेऱ्यात घालून पाहा. चांगली बॅटरी आठवड्यात फारशी उतरत नाही.

पर्यायी बॅटऱ्यांबरोबर पुष्कळदा यूएसबीवर चालणारा दोन खाचांचा चार्जर फुकट येतो. त्याचा मोह आवरा, निदान मूळ बॅटरी त्यात घालू नका. बॅटरीतले संरक्षण हा दुसरा पहारा असतो, पहिला पहारा चार्जरचा. आणि फुकट आलेल्या चार्जरने ४.२ व्होल्टची मर्यादा किती काटेकोर पाळली आहे हे आपल्याला घरी कळत नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या चार्जरमध्ये पर्यायी बॅटरीही नीट चार्ज होत असेल तर तोच वापरा. वेळ थोडा जास्त लागेल. कोणतीही बॅटरी झोपण्यापूर्वी लावून सकाळी काढायची सवय असेल तर ती मोडावी, मूळ बॅटरीच्या बाबतीतही.

हमीविषयी जावई बहुधा विचारतील. बहुतेक कॅमेरा-कंपन्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहितात की इतरांच्या बॅटरीमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्या घेणार नाहीत. तुमचा कॅमेरा पाच वर्षांचा असल्याने त्याची हमी संपलेली असणार, तेव्हा हा मुद्दा तुमच्यापुरता गौण आहे. नवा कॅमेरा घेतलेल्याने मात्र तो गंभीरपणे घ्यावा.

विमानप्रवासात सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या सामानाच्या मोठ्या बॅगेत ठेवायच्या नसतात, हातातल्या बॅगेत ठेवायच्या असतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा परवानगीची गरज पडत नाही, आणि तुमच्या बॅटऱ्या या मर्यादेच्या पाचव्या हिश्शाच्याही आतच असतील. प्रत्येकीच्या टोकांवर प्लॅस्टिकची टोपी घाला किंवा चिकटपट्टी लावा, म्हणजे पिशवीतल्या किल्ल्या-नाण्यांनी शॉर्ट होणार नाही. वॉट-तास छापलेलेच नाहीत अशी बॅटरी तपासणीत अडकू शकते. पर्यायी बॅटरी निवडताना लेबल पाहण्याचे हेही एक कारण.

आणि जुनी बॅटरी अगदीच निकामी झाली की ती घरच्या कचऱ्यात टाकू नका. टोकांवर पट्टी चिकटवून, इलेक्ट्रॉनिक कचरा जिथे स्वीकारला जातो तिथे द्या. तोवर ती एखाद्या धातूच्या डब्यात, पुस्तके आणि पडदे यांच्यापासून दूर ठेवा.